सानपाडा ते पुणे : शरीराच्या खात्यावरचा खर्च

सानपाड्याहून पुण्याला कसे जायचे, हा प्रश्न बहुतेक घरांत दोन आकड्यांवर सुटतो. वेळ किती लागेल आणि पैसे किती पडतील? अंतर साधारण १३० किलोमीटर. पर्याय चार : स्वतःची गाडी किंवा टॅक्सी, सायन-पनवेल महामार्गावर उभे राहून पकडायची बस, पनवेल किंवा ठाणे गाठून पकडायची रेल्वे, आणि तरुणांची लाडकी दुचाकी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला तेव्हापासून या तुलनेत बहुधा चारचाकीच जिंकते. दारातून निघायचे, दारात उतरायचे, बॅगा कुठे उचलायला नकोत, वेळापत्रकाशी बांधिलकी नको. कुटुंब चौघांचे असेल तर खर्चही फार जास्त वाटत नाही.

या हिशेबात एक रकाना मात्र रिकामा राहतो. त्या तीन-चार तासांत शरीराचे काय होते, हे कोणी मांडत नाही. अपघाताचा धोका, अपुरी झोप, ढवळणारे पोट, तुंबलेली लघवी, आखडलेल्या पोटऱ्या आणि श्वासातून आत जाणारी हवा यांचा खर्च तिकिटावर किंवा टोलच्या पावतीवर छापलेला नसतो. तो धरला तर पर्यायांचा क्रम बदलतो. रेल्वे पहिली येते, चांगली बस तिच्या पाठोपाठ, चारचाकी तिसरी, आणि दुचाकी या यादीत असूच नये. अडचण अशी की, जो पर्याय शरीराला सर्वांत सोसतो तोच सानपाड्याच्या प्रवाशाला सर्वांत अडचणीचा पडतो. त्यामुळे हा प्रश्न एकट्या प्रवाशाच्या निवडीपुरता राहत नाही.

धोका कुठे किती?

प्रवासाच्या साधनांची तुलना करायची शास्त्रीय रीत अशी, की किती माणसे किती अंतर गेली आणि त्यात किती दगावली हे पाहायचे. नुसती अपघातांची संख्या मोजून काही कळत नाही. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ इयन सॅव्हेज यांनी २००० ते २००९ या दहा वर्षांचा असा हिशेब मांडला. दर एक अब्ज प्रवासी-मैलांमागे मोटारीतील मृत्यू ७.२८, रेल्वेतील ०.४३ आणि बसमधील ०.११ होते. मोटारसायकलीचा आकडा २०० च्या वर होता. अमेरिकेचे रस्ते, वाहने आणि शिस्त वेगळी असल्याने हे आकडे बोरघाटाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण यातली उतरंड बोलकी आहे. रेल्वे आणि बस एका गटात, मोटार त्यांच्यापेक्षा कितीतरी पटींनी धोक्याची आणि दुचाकी मोटारीच्याही सुमारे तीसपट.

भारतातले चित्र या उतरंडीला दुजोराच देते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यातली १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रातली. मृतांमध्ये सर्वांत मोठा गट दुचाकीस्वारांचा, जवळपास ४४ टक्के. दुचाकीला द्रुतगती मार्गावर मज्जाव आहे, म्हणून पावसाळ्यात लोणावळ्याकडे निघणारे तरुण जुन्या महामार्गाने जातात. तिथे त्यांच्या शेजारून ट्रक, टेम्पो आणि बस एकाच रस्त्यावरून धावत असतात. हेल्मेट आणि रेनकोट घेतला म्हणजे तयारी झाली, असे मानण्यासारखी ती वाट नाही.

द्रुतगती मार्गावर २०१६ या एका वर्षात १५१ जणांचा जीव गेला होता. त्यानंतर सेव्हलाइफ फाउंडेशन, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून धोक्याच्या जागा शोधल्या, कठडे बसवले, कडेला उभ्या राहणाऱ्या वाहनांवर लक्ष ठेवले, जखमींना लवकर हलवण्याची सोय केली. पुढच्या काही वर्षांत मृत्यूंचा आकडा बराच खाली आला. अपघात नशिबात लिहिलेले नसतात, नीट काम केले तर ते कमी होतात, हे याच रस्त्याने दाखवून दिले आहे.

वाचलेल्या मिनिटांची किंमत

या मार्गावर सपाट भागात मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. समजा, कोणी तिथे १२० ने गेले आणि घाट, वळणे, वाहतूक काहीही आड न येता सगळे ९४.५ किलोमीटर त्याच वेगाने कापले. तरी वाचणारा वेळ साडेनऊ मिनिटांपेक्षा जास्त नाही. प्रत्यक्षात तो त्याच्या निम्माही नसतो, कारण ती मिनिटे घाटात किंवा टोलनाक्यावर परत जातात. दुसऱ्या बाजूला, चालत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १०० वरून १२० वर गेल्यावर वेग २० टक्क्यांनी वाढतो, पण धडकेतली ऊर्जा ४४ टक्क्यांनी. बरगड्या, यकृत, मेंदू यांना सोसावी लागते ती ही ऊर्जा. ताशी १०० च्या वेगाने एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढे जाते. मोबाइलच्या पडद्याकडे एक सेकंद नजर गेली तर जवळपास अडीच एसटी बस एकामागोमाग उभ्या केल्याइतके अंतर न पाहता कापले जाते.

घाटात आणखी एक गोष्ट आड येते, ती दुसऱ्याच्या वाहनाची. मुंबईकडे उतरताना ४० टनांचा भरलेला ट्रक साधारण ५०० मीटर खाली येतो. एवढ्या उतारात त्याची जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती पन्नासहून अधिक युनिट विजेइतकी होते. ट्रक खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन त्यातला मोठा भाग झेलते. डिझेल वाचवायला चालकाने गाडी न्यूट्रलवर सोडली तर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. पुढच्या मोटारीतला चालक कितीही सावध असला, तरी मागून येणाऱ्या ट्रकचे ब्रेक त्याच्या हातात नसतात.

रेल्वेने हाच घाट १८६३ पासून गाठीशी बांधला आहे. ३७ फुटांमागे एक फूट असा तिथला कमाल चढ, म्हणून गाड्यांना जादा इंजिने जोडली जात आली. ब्रेक निकामी होऊ शकतात हे गृहीत धरूनच उतारावर ‘कॅच सायडिंग’ बांधल्या गेल्या. सुटलेली गाडी तिकडच्या चढावर वळवून थांबवायची, अशी ती योजना. माणूस चुकेल, यंत्र बिघडेल, हे आधीच धरून बांधलेली व्यवस्था आणि प्रत्येक चालक रोज बिनचूक वागेल या भरवशावर चालणारी व्यवस्था, यांतला फरक वर दिलेल्या मृत्यूच्या आकड्यांत उतरलेला दिसतो.

शुक्रवारी रात्रीची झापड

नवी मुंबईतले हजारो नोकरदार शुक्रवारी काम संपवून रात्री पुण्याकडे निघतात. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला घाटात असेल, तर तो सतरा तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातील संशोधक ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले, की सतरा तास जागे राहिल्यावर हात-डोळ्यांचा ताळमेळ जितका मंदावतो, तितकाच तो रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना मंदावतो. भारतात मद्य पिऊन गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबभरही न घेतलेला, फक्त दमलेला चालक कायद्याने ठरवलेल्या मद्यपीपेक्षा वाईट अवस्थेत असू शकतो. त्याला कोणतेही श्वासयंत्र पकडत नाही.

बंद काचा आणि एसीचे ‘आतलीच हवा फिरवा’ हे बटण या झापडीत भर घालतात. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत ४२० च्या आसपास असते. चार माणसे बसलेल्या बंद गाडीत ते थोड्याच वेळात कित्येक पटींनी वाढते. डोके जड होते, जांभया येतात. बोगद्यात किंवा धूर सोडणाऱ्या ट्रकमागे आतली हवा फिरवणे योग्यच, पण तिथून बाहेर पडल्यावर बाहेरची हवा आत घेतलीच पाहिजे. आणि खरी झोप आली असेल तर चहा, गाणी, तोंडावर पाणी यांचा आधार फार थोडा वेळ टिकतो. सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटे डोळे मिटणे हाच उपाय. रेल्वे आणि बसमध्ये प्रवासी निदान निर्धास्त झोपू शकतो.

बसच्या प्रवाशाची सुरक्षितता मात्र चालकाच्या झोपेवर अवलंबून असते. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ पासून कायदा आहे. त्यानुसार चालकाने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम करणे अपेक्षित नाही. रात्रीच्या बसमध्ये चढताना चालक किती तासांपासून चाकावर आहे, हे विचारण्याची प्रवाशांना सवय नाही, आणि विचारले तर उत्तर देण्याची व्यवस्थाही नाही. विमानाच्या वैमानिकाच्या कामाचे तास काटेकोर मोजले जातात, तर चाळीस माणसांना घाट उतरवून नेणाऱ्याचे का मोजले जाऊ नयेत?

पोट, लघवी आणि पोटऱ्या

‘गाडी लागते’ म्हणून अनेक जण पुण्याचा प्रवास टाळतात किंवा उपाशीपोटी करतात. यामागे मेंदूतला गोंधळ असतो. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या नलिका ‘शरीर हलते आहे’ असे सांगतात आणि मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले डोळे ‘सगळे स्थिर आहे’ असे सांगतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. पाच सेकंदांत एकदा अशा संथ लयीतले हेलकावे सर्वांत जास्त त्रास देतात, आणि घाटातली बस नेमकी त्याच लयीत डुलते. चालकाला सहसा त्रास होत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच कळलेले असते. म्हणून त्रास होणाऱ्याने पुढची, खिडकीजवळची जागा घ्यावी, दूरवर रस्त्याकडे पाहावे आणि घाटात फोन पिशवीत ठेवावा. मागच्या चाकाच्या मागची जागा सर्वांत वाईट. उलटीवरच्या बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते. प्रवाशाने त्या डॉक्टरांना विचारून प्रवासाच्या आधी घ्याव्यात, गाडी चालवणाऱ्याने घेऊच नयेत. रेल्वेत वळणे मोठी आणि धक्के कमी असल्याने हा त्रास बराच कमी होतो.

लघवीचा प्रश्न फारसा बोलला जात नाही, पण तो अनेकांचा प्रवास ठरवतो. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, मिळाले तर वापरण्याजोगे असेल की नाही, या शंकेने बायका निघण्याच्या तीन तास आधीपासून पाणी पिणे बंद करतात. मधुमेही, गरोदर स्त्रिया, प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुष आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे ज्येष्ठ यांची अवस्था वेगळी नसते. काही जण तर त्या दिवशीची गोळीच चुकवतात. पाणी कमी प्यायल्याने डोके दुखते, मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाव मिळतो, रक्तदाब खालीवर होतो. बस फूडमॉलवर एकदाच थांबते. घाटात वाहने अडकली तर बस आणि चारचाकी दोन्हींतले प्रवासी सारखेच हतबल असतात. रेल्वेत स्वच्छतागृह डब्यातच असते. कधी ते अस्वच्छ असते, तरीही ‘गरज पडली तर आहे’ एवढ्या खात्रीनेच माणूस पाणी पितो.

पायांच्या शिरांत रक्त गोठण्याची भीती विमानाशी जोडली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधल्या अभ्यासात दिसले, की चार तासांहून अधिक काळ हालचाल न करता बसून प्रवास केल्यास हा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, बस असो, गाडी असो वा रेल्वे. निरोगी माणसात तो तरीही सहा हजारांत एक इतका कमी राहतो. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, कर्करोगाच्या रुग्णांनी, गरोदर स्त्रियांनी आणि पूर्वी असा त्रास झालेल्यांनी हे लक्षात ठेवावे. एरवी तीन तासांत संपणारा पुण्याचा प्रवास सलग सुट्ट्यांच्या पहिल्या दिवशी पाच-सहा तासांवर जातो. रेल्वेत उठून डब्यात फेरी मारता येते. गाडीत बसल्या जागी घोटे फिरवणे, टाचा उचलणे एवढेच हातात उरते.

धूर कोणाच्या फुप्फुसात?

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी पुण्यापर्यंत साधारण २० किलो सोडते. एकटाच बसला असेल तर सगळे २० त्याच्या नावावर, चौघे असतील तर प्रत्येकी पाच. लिटरला साडेतीन किलोमीटर देणारी डिझेलची बस चाळीस प्रवासी घेऊन गेली तर माणशी अडीच किलोच्या आसपास पडतात. एसटीच्या विजेवर चालणाऱ्या ई-शिवनेरी २०२३ पासून धावू लागल्या. त्यांच्या मागे धूर नसतो, पण महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशावर होते. त्यामुळे धुराचा काही भाग चंद्रपूरच्या चिमण्यांतून बाहेर पडतो. तरीही महामार्गालगत राहणाऱ्या सानपाडा-जुईनगरच्या रहिवाशांच्या नाकाशी निघणारा धूर कमी होणे, हा आरोग्याचा लाभ खराच. शिवाय उतारावर विजेची बस आणि आधुनिक विद्युत इंजिन काही ऊर्जा परत मिळवतात. डिझेलचा ट्रक ती ब्रेकमध्ये जाळून टाकतो.

सोयीची गोष्ट

मग सानपाड्याचा माणूस रेल्वेने का जात नाही? सानपाड्याचे स्थानक हार्बर मार्गावर आहे आणि ठाण्याकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर मार्गावरही. पनवेलमार्गे पुण्याला जाणारी प्रगती एक्स्प्रेस सकाळी पुण्याहून मुंबईकडे येते आणि संध्याकाळी परत जाते. म्हणजे तिचे वेळापत्रक पुणेकराच्या दिवसावर बेतलेले. सकाळी पुण्याला निघणाऱ्या सानपाडाकराला इंद्रायणी किंवा डेक्कन एक्स्प्रेस पकडायला पहाटे उलट दिशेने ठाणे गाठावे लागते, तेही बॅगा आणि म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन, जिना चढून, लोकलच्या गर्दीतून. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे रूळ ओलांडताना, डब्यातून पडून किंवा अन्य कारणांनी मरतात. रेल्वेचा प्रवास सुरक्षित असला तरी त्याची ही पहिली पायरी तशी नाही. त्यामुळे ज्याला परवडते तो गाडी काढतो, आणि त्याला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

फ्रान्सने २०२३ मध्ये, अडीच तासांत रेल्वेने गाठता येणाऱ्या शहरांमधली देशांतर्गत विमाने बंद करण्याचा नियम केला. पॅरिस-लिऑन हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे आधी वेगवान आणि वारंवार धावणारी रेल्वे होती, बंदी नंतर आली. इथे याच्या उलट घडते. २०१८ मध्ये मुंबई-पुणे अंतर २५ मिनिटांत कापणाऱ्या ‘हायपरलूप’चा गाजावाजा झाला. तो आणू पाहणारी कंपनीच २०२३ च्या अखेरीस बंद पडली. आता खोपोली ते कुसगाव या १३.३ किलोमीटरच्या ‘मिसिंग लिंक’कडे डोळे लागले. घाटातली कोंडी आणि धोका कमी करणारे काम म्हणून ते मोलाचे आहेच. पण वाचणाऱ्या वीस-पंचवीस मिनिटांच्या मोहाने आणखी गाड्या रस्त्यावर आल्या, तर कोंडी फक्त पुढच्या टोलनाक्यावर सरकेल.

त्यापेक्षा स्वस्त आणि लवकर होण्याजोगी कामे आहेत. पनवेलहून सकाळी पुण्याकडे सुटणारी आणि रात्री परतणारी एक जोडगाडी हवी. पनवेल स्थानकात लोकलमधून उतरून पुण्याच्या गाडीपर्यंत चाकाच्या खुर्चीने जाता येईल अशी वाट हवी. सायन-पनवेल महामार्गावरच्या प्रत्येक बसथांब्यावर छप्पर, उजेड आणि स्वच्छतागृह हवे. खासगी आणि एसटी दोन्ही बसचालकांच्या कामाच्या तासांची नोंद प्रवाशांना दिसेल अशी असावी. यातल्या एकाही कामाला बोगदा खणावा लागत नाही.

तोपर्यंत गाडी कोणी काढावी याचा विचार घरातच करता येतो. तान्हे बाळ, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती, चालता न येणारे ज्येष्ठ बरोबर असतील तर चारचाकी योग्यच. मात्र मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावावा. त्याने मागच्या प्रवाशाच्या मृत्यूचा आणि गंभीर जखमेचा धोका सुमारे पावपट कमी होतो. मुलाला मांडीवर न घेता त्याच्या मापाच्या आसनात बसवावे, आणि दिवसभर राबलेल्याने त्याच रात्री चाक हाती घेऊ नये. शनिवारी पहाटे निघून पुण्याला न्याहारीला पोहोचले तरी कोणाचे काही अडत नाही. एकट्याने किंवा दोघांनी जायचे असेल तर बस किंवा रेल्वे धरावी. अर्धा तास जास्त लागेल, पण पुण्यात उतरणारा माणूस कमी दमलेला असेल.